जुने नाव म्हणजे कधीचे?

कैवारी : गावाचे नाव ही वरवरची गोष्ट आहे, त्यात कशाला वेळ घालवायचा, असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते. नाव इतके वरवरचे असते तर जिंकून आलेल्या प्रत्येक सत्तेने त्याला हात का घातला असता? औरंगजेब एकेक किल्ला घेत गेला, तेव्हा त्याचे नावही घेत गेला. साताऱ्याच्या किल्ल्याचा आझमतारा झाला, सिंहगडाचा बक्षिंदाबक्ष झाला, पुण्याचे मुहियाबाद करण्याचा हुकूम निघाला. मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. ज्यांनी ही नावे बदलली त्यांना नावाची किंमत पुरती ठाऊक होती. मग तीच किंमत ओळखून कोणी नाव परत घेतले, की त्याला भावनेच्या आहारी गेलेला का म्हणायचे? २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. फार जुना हिशेब मिटला असे मला वाटते, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

शंकेखोर : संकोच वाटू नयेच. पण तुम्ही दिलेली उदाहरणे नीट पाहा. आझमतारा आज कोण म्हणते? मुहियाबाद हे नाव पुण्यातल्या किती जणांनी ऐकले असेल? बादशहाच्या शिक्क्यानिशी हुकूम निघाले, दप्तरात नावे चढली, आणि लोकांनी ती तोंडी रुळू दिली नाहीत. परक्या सत्तेचे जाऊ द्या. शिवाजी महाराजांनी तोरण्याला प्रचंडगड हे नाव दिले. महाराजांच्या शब्दाहून मोठा शब्द या मुलखात दुसरा नाही. तरीही आज गडावर निघालेला माणूस ‘तोरण्याला चाललो’ असेच म्हणतो. आणि त्याच महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर गड बांधून त्याला राजगड म्हटले, ते असे बसले की मुरुंबदेव हे नाव आता अभ्यासकांपुरते उरले आहे. नावे देणारा राजा एकच. एक नाव रुजले, दुसरे रुजले नाही. म्हणून मी म्हणतो, राज्यकर्ता नाव सुचवू शकतो. ते ठरते लोकांच्या तोंडी, आणि त्याला पिढ्या लागतात. मग राजपत्रात नाव छापून आले म्हणजे हिशेब मिटला, हे कशावरून?

कैवारी : लोकांच्या तोंडचे नाव खरे, हे मलाही मान्य आहे. किंबहुना माझी बाजू त्यावरच उभी आहे. मुंबईचेच पाहा. मराठी माणूस मुंबईच म्हणत होता, गुजराती माणूस मुंबईच म्हणत होता. मुंबादेवीचे गाव ते मुंबई, एवढे सरळ होते. पोर्तुगीजांच्या आणि मग इंग्रजांच्या कागदांत मात्र ते बोंबाइम आणि बॉम्बे झाले. पुढे कोणीतरी गोष्ट रचली की पोर्तुगीज भाषेतल्या ‘चांगला उपसागर’ या शब्दांवरून शहराचे नाव पडले. त्या भाषेच्या व्याकरणातही ती बसत नाही, कारण तिथे उपसागर स्त्रीलिंगी आहे आणि विशेषण पुल्लिंगी लावले आहे. तरी ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली, जणू बंदरात गलबत लागेपर्यंत या बेटांना नावच नव्हते. १९९५ मध्ये सरकारने मुंबई हे नाव सगळ्या भाषांसाठी अधिकृत केले, तेव्हा लोकांवर काहीही लादले गेले नाही. लोकांच्या तोंडी होते ते कागदावर आले. धाराशिवचेही तेच. हैदराबादच्या शेवटच्या निजामाचे, मीर उस्मान अली खानांचे, नाव त्या गावाला मिळाले विसाव्या शतकात. पण गावाजवळची लेणी धाराशिवचीच राहिली, आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांनी जुने नाव सोडले नव्हते. लोक बोलत होते आणि सरकारला ऐकू येत नव्हते. शेवटी ऐकू आले.

शंकेखोर : मुंबई आणि धाराशिव यांबद्दल माझी तक्रार नाही. पण सुरुवातीला तुम्ही तीन नावे एका दमात घेतलीत, आणि मला वाटते घोळ तिथेच आहे. धाराशिव परत आले, हे खरे. संभाजीनगर कुठून परत आले? ते शहर १६१० मध्ये मलिक अंबरने वसवले आणि तिथल्या गावाच्या नावाने त्याला खडकी म्हणत. हबशी मुलखातून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने दख्खनेत वर्षानुवर्षे दाद दिली नाही, आणि मालोजी-शहाजींच्या पिढीतले मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले. डोंगराकडचे पाणी त्याने जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणले. ती नहर आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. तो १६२६ मध्ये गेला, आणि त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर हे नाव दिले. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झाले. आता मला सांगा, आग्रह जुन्या नावाचा होता तर खडकीसाठी एक तरी मोर्चा निघायला हवा होता. निघाला नाही. आणि अहिल्यानगर? १४९० च्या सुमारास अहमद निजामशहाने भिंगारजवळ ते शहर नव्याने वसवायला घेतले. त्या शहराला आधीचे नावच नाही. मग तुम्ही ज्याला जुने म्हणता, ते नेमके कधीचे?

कैवारी : प्रश्न रास्त आहे, आणि मी त्याला बगल देणार नाही. संभाजीनगर हे जुने नाव नाही, ते मानाचे नाव आहे. माझ्या बाजूचे अनेक जण ‘मूळ नाव परत आले’ असे म्हणतात. त्यांनी तसे म्हणू नये. पण मान देणे हे परत आणण्यापेक्षा हलके कारण आहे, असे मला वाटत नाही. शंभूराजांना १६८९ मध्ये हाल हाल करून मारले, ते औरंगजेबाच्या हुकमाने. त्यानंतर अठरा वर्षे तो बादशहा या मुलखाशी झुंजत राहिला आणि नगरजवळच्या छावणीत मेला. त्याची कबर खुलताबादला आहे, त्या शहरापासून काही कोसांवर. ज्यांना ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांनी मराठवाड्याच्या राजधानीच्या शहराचे नाव घेताना दर वेळी त्याच बादशहाचे नाव घ्यायचे? दाखल्यावर तेच, रेल्वेच्या तिकिटावर तेच? इतिहास म्हणून ते पुस्तकात राहू द्या. शहराचे नाव उच्चारणे म्हणजे इतिहास वाचणे नव्हे. ते रोजचे नमन असते, कळत असो वा नसो.

शंकेखोर : १६५३ मध्ये ते नाव पडले तेव्हा शंभूराजांचा जन्मही झाला नव्हता. त्यांचा जन्म १६५७ चा. म्हणजे हे नाव त्यांच्या हौतात्म्यावर मीठ चोळायला ठेवलेले नव्हते. एका शहजाद्याने आपल्या राजधानीला आपले नाव दिले, जसे त्या काळी सगळेच देत. आणि तुम्ही ज्याला रोजचे नमन म्हणता, ते खरेच कोणी करते का? औरंगाबाद म्हणताना लोकांना बादशहा आठवत होता की सिद्धार्थ उद्यान, पाणचक्की, हिमरू शाली, पैठण गेट आणि तिथली गर्दी? नाव फार वापरले गेले की ते देणाऱ्याचे राहत नाही, राहणाऱ्यांचे होते. वली आणि सिराज हे दख्खनचे दोन थोर कवी. उर्दूच्या इतिहासात ते वली औरंगाबादी आणि सिराज औरंगाबादी म्हणूनही राहणार. बादशहाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. ते आपल्या गावाचे नाव लावत होते. त्या शहरातल्या हजारो मुसलमान घरांतही ‘औरंगाबादी’ म्हणजे औरंगजेबाचा माणूस असा अर्थ कधी नव्हता. ‘मी इथला’ एवढाच होता. तो शब्द काढून घेतला, तेव्हा त्यांच्याकडून काय काढून घेतले याचा विचार झाला का?

कैवारी : थांबा. नाव पडले तेव्हा काय अर्थ होता, यावर तुम्ही सगळे बेतता. पण नावाचा अर्थ पुढेही घडत जातो, आणि तो कोणाच्या बाजूने घडतो हेही पाहायला हवे. एका घरात ‘इथला’ असा अर्थ झाला, शेजारच्या घरात ‘आपल्या राजाला मारणाऱ्याचा’ असा झाला. दोन्ही अर्थ खरे आहेत. तुम्ही पहिल्याला ओळख म्हणता आणि दुसऱ्याला भावना म्हणून बाजूला ठेवता, हे मला पटत नाही. आणि नावाने माणसाला काय मिळते हे त्याच शहराने आपल्याला शिकवले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर मराठवाड्याच्या गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. तरी लोक सोळा वर्षे लढले. त्यांना कोणी सांगितले असते की नाव लोकांच्या तोंडी आपोआप रुजेल, पिढ्या जाऊ द्या, तर तो सल्ला झाला असता की क्रूरपणा? ज्यांच्या वाट्याला फक्त दुसऱ्यांची नावे आली, त्यांना स्वतःच्या माणसाचे नाव दारावर हवे असते. ती भूक खरी आहे.

शंकेखोर : ती भूक खरी आहे, आणि त्या लढ्यापुढे मी मान झुकवतो. पण त्या लढ्यातून तुम्ही एक गोष्ट घेतलीत आणि दोन सोडलीत. पहिली म्हणजे तिथे मागणारे खालचे होते. ज्यांना शतकानुशतके विद्येच्या दाराबाहेर ठेवले, ते विद्येच्या घराला आपल्या माणसाचे नाव मागत होते. त्याच शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांनी कॉलेज काढले होते, म्हणजे नाव आणि काम यांची गाठ तिथेच पडलेली होती. सत्तेत बसलेल्या बहुसंख्येने कमी संख्येच्या लोकांचे नाव पुसणे, ही त्या लढ्याची जातकुळी नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे १४ जानेवारी १९९४ ला शेवटी जे झाले, त्याला नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मराठवाडा पुसला नाही, बाबासाहेब आले. अनेकांना ती तडजोड अपुरी वाटली, आजही वाटते, आणि त्यांच्या वाटण्याला वजन आहे. पण नाव मिळवण्यासाठी दुसऱ्याचे पुसावेच लागते असे नाही, हे तिथे दिसले. शहराच्या बाबतीत तो रस्ता कोणी पाहिलाच नाही.

कैवारी : शहराला जोडनाव चालत नाही हो. विद्यापीठाचे लांब नाव कागदावर राहते. शहराचे नाव एस.टी.च्या पाटीवर मावायला लागते, हाळी देताना तोंडात बसायला लागते. तसे दुसरे मार्ग आहेत आणि ते आपोआप होत असतात. तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीचे दौलताबाद केले. आज त्या किल्ल्याला दोन्ही नावांनी ओळखतात, आणि देवगिरी हे नाव मुंबईहून सुटणाऱ्या एका रेल्वेगाडीलाही आहे. म्हणजे पुसले गेलेले नाव दुसऱ्या दाराने परत येते. उद्या औरंगाबाद हे नावही कवितेत, कापडात, जुन्या दुकानांच्या पाट्यांवर राहीलच. त्याला कोणी अडवलेले नाही. आणि अहिल्यानगरबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा, नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. धनगराच्या घरची मुलगी, तिने माळव्याचे राज्य सांभाळले, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आपले जिल्हे, तालुके, रस्ते पुरुषांच्या नावांनी भरलेले आहेत. राज्य केलेल्या एका स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले, तर त्यात जुने-नवे काय बघायचे?

शंकेखोर : अहिल्याबाईंच्या मोठेपणाबद्दल दुमत असूच शकत नाही. पण त्याच शहरातल्या किल्ल्यावर १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याला तोंड देत चांदबिबी उभी राहिली होती. राज्य केलेल्या स्त्रीचे नाव हवे होते, तर शहराच्या तटबंदीवरच एक नाव होते. ते कोणाला सुचले नाही, आणि का सुचले नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तरी मला खरी मौज वाटते ती लोकांची. अहमदनगरला अहमदनगर म्हणणारा माणूस आधीही विरळाच होता. स्टँडवर ‘नगर, नगर’ अशीच हाळी, बोली नगरी, माणूस नगरचा. आता कागदावर अहिल्यानगर झाले, आणि लोक अजून नगरच म्हणतात. निजामशहाचे नाव लोकांनी कधीच गाळून टाकले होते, ते कोणत्याही आंदोलनाशिवाय. प्रतिष्ठानचे पैठण झाले तेही असेच, उंबरठा पायांनी झिजावा तसे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींच्या लेखनातही ते नाव पैठणच्या जवळ आलेले दिसते. मी जी जुनी नावे मानतो ती अशी आहेत. ती कोणाच्या हुकमाने जुनी झालेली नाहीत.

कैवारी : झिजण्यावर तुमचा फार विश्वास आहे. पण झिजतानाही बळी तो कान पिळी असतेच. चांद्याचे चंद्रपूर झाले, तेव्हा गोंडांच्या राजधानीचे लोकांच्या तोंडचे नाव गेले आणि अधिक संस्कृत वाटणारे आले. तिथे झीज उलट्या दिशेने झाली. ‘चांदा फोर्ट’ एवढे एक रेल्वे स्थानक जुने नाव धरून आहे. आणि मुंबईतल्या स्थानकांचे? २०२४ मध्ये राज्याने काही नावे बदलायचे ठरवले. करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, चर्नी रोडला गिरगाव, डॉकयार्ड रोडला माझगाव. त्या भागात राहणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या लालबागला राहतो, गिरगावात राहतो. इंग्रजांनी दिलेली नावे फक्त स्थानकाच्या पाटीवर होती. तरी इतक्या वर्षांच्या सवयीने ती झिजली नाहीत. पाटी लावणाऱ्याच्या हाती सत्ता होती म्हणून ती टिकली. म्हणजे तुमचे लोक तोंडी काहीही म्हणोत, पाटी बदलायला सरकारच लागते.

शंकेखोर : याचे उत्तर माझ्याकडे सोपे नाही. लालबाग, डोंगरी, माझगाव ही नावे पाटीवर यायलाच हवीत, असेच मीही म्हणेन. पण त्याच यादीत किंग्ज सर्कलला तीर्थंकर पार्श्वनाथांचे नाव द्यायचे होते. म्हणजे तिथल्या जागेच्या तोंडच्या नावाबरोबर एक अर्पण केलेले नावही एकाच ठरावात गेले. आपल्याकडे नेमके हेच होते. उच्चार सुधारणे, हरवलेले परत आणणे आणि नवे नाव अर्पण करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला वेगळे कारण लागते, वेगळा पुरावा लागतो आणि वेगळ्या माणसांची संमती लागते. आपण तिन्हींना ‘जुने नाव’ हे एकच लेबल लावतो, कारण जुने म्हटले की वाद मिटतो. जुनेपणाचा आधार घ्यायचा तर तो कुठे नेईल याचीही तयारी हवी. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचे गाव, कन्नड परंपरेत ते सोन्नलगी म्हणून येते. जुने ते श्रेष्ठ म्हणायचे तर सोलापूरची पाटी कन्नड नावाची करायला आपण तयार आहोत का? आणि जुन्नर? त्या नावाचा उलगडाच ‘जुने नगर’ असा करतात. आपल्याला जे फार जुने वाटते, त्याला ते नाव देणारे लोकही जुने म्हणत होते.

कैवारी : म्हणजे जुनेपणा हे कारण बाद करायचे?

शंकेखोर : बाद नाही. पुरावा म्हणून धरा, निकाल म्हणून धरू नका. निकाल लावायचा तर सरळ म्हणा की आम्हाला या माणसाचा मान राखायचा आहे. मग वाद प्रामाणिक होतो. तेव्हा विचारता येते की कोणी मागितले, कोणाचे गेले, आणि ज्यांचे गेले त्यांना कोणी विचारले.

कैवारी : मला ते मान्य आहे, आणि मी ते सरळ म्हणतोच. विचारले नाही असेही नाही. संभाजीनगर जिल्ह्याच्या नावासाठी हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, त्या मोठ्या संख्येने आल्या. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. आता आपला मतभेद उरतो तो इथे. शंभूराजांची आठवण एकट्या त्या शहराची नाही, ती कोल्हापूरच्या शेतकऱ्याची आहे, नागपूरच्या विद्यार्थ्याची आहे, साऱ्या महाराष्ट्राची आहे. मोठ्या शहराच्या नावावर फक्त तिथे घर असलेल्यांचा हक्क असतो, हे मी मानणार नाही. राज्यालाही आपली स्मृती कुठेतरी कोरावी लागते.

शंकेखोर : आणि मला वाटते, स्मृती साऱ्या राज्याची असली तरी नावाचे ओझे रोज वाहणारे तिथलेच असतात. दाखल्यावर, दुकानावर, लग्नपत्रिकेवर तेच ते लिहिणार. ज्यांना तो मान वाटतो त्यांच्यासाठी ओझे नाही. ज्यांना तो आपल्याला वगळणारा वाटतो त्यांच्यासाठी आहे. हरकती मोजल्याने तो फरक मिटत नाही, कारण संख्येने निकाल लागणार हे आधीच ठाऊक असते. म्हणून माझी अट एवढीच राहील : नाव अर्पण करायचे असेल तर ज्यांचे नाव जाते त्यांनाही नव्या नावात आपली जागा दिसली पाहिजे.

कैवारी : ती जागा नावातच दिसली पाहिजे, की नाव देणाऱ्यांच्या वागण्यात दिसली तरी चालेल?

शंकेखोर : वागण्यात दिसली, तर नावाबद्दलचा माझा विरोध बराच मावळेल. पण नाव बदलायला एक अधिसूचना पुरते, आणि वागणे बदलायला कोणतीही अधिसूचना पुरत नाही. म्हणून मी आधी वागण्याचा पुरावा मागतो.

कैवारी : आणि मी म्हणतो, आधी मान परत द्या, अपमान डोक्यावर असताना माणसाकडून मोठेपणाचा पुरावा मागू नका.